सेव्हन सीटर की सेडान? घरासाठी गाडी ठरवण्याची रीतसर पद्धत

होंडा सिटी ही सेडान, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेली पाच जणांची गाडी, ४५८३ मिलिमीटर लांब आहे आणि सात जणांची मारुती अर्टिगा ४४३५. म्हणजे सात जणांची गाडी पाच जणांच्या गाडीपेक्षा जवळजवळ १५ सेंटिमीटरने आखूड. मग जास्तीची दोन माणसं बसतात कुठे? डिकीत. सिटीची डिकी ५०६ लिटरची, तर तिसरी रांग उभी असताना अर्टिगाची २०९ लिटरची. ‘सेव्हन सीटर म्हणजे मोठी गाडी’ असं धरून शोरूममध्ये पाऊल टाकलं की इथेच फसगत होते. सात माणसं आणि त्या सातांचं सामान, हे दोन्ही एकाच वेळी मध्यम किमतीच्या बहुतेक गाड्यांत मावत नाही.

पुढचा क्रम शक्यतो मोडू नका. आधी टेस्ट ड्राइव्ह घेतली की उंच सीट आणि रुंद बॉनेटची भुरळ पडते, आणि टेप घेऊन पार्किंग मोजायचं राहून जातं.

आधी वही उघडा

गेल्या बारा महिन्यांतले प्रवास लिहून काढा. कुठे गेलो, मोठी माणसं किती, मुलं किती, बॅगा किती, किलोमीटर किती. फोनमधले फोटो आणि फास्टॅगचं स्टेटमेंट समोर ठेवलं की अर्ध्या तासात यादी होते. त्यातले सहा किंवा जास्त माणसांचे दिवस वेगळे काढा. ‘पुढच्या वर्षी सगळे मिळून जाऊ’ हे यादीत धरायचं नाही.

असे दिवस वर्षाला दहा-बाराच भरत असतील आणि तेही गणपती, मे महिना, एखादं लग्न अशा ठरलेल्या वेळीच येत असतील, तर सेडान घ्या आणि त्या दिवसांपुरती मोठी गाडी भाड्याने करा. आई-वडील कायम सोबत राहतात, दोन मुलं आहेत आणि दर आठवड्याला सहा जण एकत्र निघतात, अशा घराला सेव्हन सीटरच हवी. या दोन्हींच्या मधल्या घरांचा निकाल माणसांच्या संख्येवर लागत नाही. तो घरातल्यांच्या गुडघ्यांवर आणि रोजच्या रस्त्यावर लागतो. त्याकडे पुढे येऊ.

भाड्याचा हिशेब असा करा. बाहेरगावच्या गाडीचं बिल सहसा दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरून होतं. किलोमीटरला १८ रुपये दर धरला तर चार दिवसांचे ४ × ३०० × १८ म्हणजे २१,६०० रुपये, वर ड्रायव्हरचा भत्ता, टोल आणि पार्किंग. हा आकडा मोठा वाटतो. पण वर्षाला १२,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीचं अॅव्हरेज १५ ऐवजी १२ पडलं, तर २०० लिटर पेट्रोल जास्त लागतं. लिटरला १०४ रुपयांनी तेच २०,८०० रुपये होतात. गणपतीची भाड्याची गाडी जवळपास पेट्रोलच्या फरकातच निघाली. तुमच्या गावचा दर आणि तुमचं रनिंग घालून हे गणित स्वतः मांडा. भाड्याची गाडी मात्र पिवळ्या नंबरप्लेटचीच घ्या. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या प्लेटची गाडी पैसे देऊन नेली आणि अपघात झाला, तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं.

पार्किंग टेपने मोजा

महाराष्ट्रात इमारतीच्या नकाशात गाडीची जागा साधारण २.५ × ५ मीटर किंवा २.३ × ४.५ मीटर दाखवलेली असते. प्रत्यक्षात त्यातली काही सेंटिमीटर खांब खातो. टाटा सफारीची रुंदी आरसे सोडून १९२२ मिमी. २.३ मीटरच्या जागेत ती अगदी मधोमध लावली तरी दोन्ही बाजूंना जेमतेम १९ सेंटिमीटर उरतात. तेवढ्या फटीतून माणूस बाहेर पडत नाही. शेजाऱ्याची गाडी रेषेवर आली की रोज सकाळी कटकट ठरलेली. लांबीचंही तसंच आहे. ४.५ मीटरच्या जागेत सफारी १७ सेंटिमीटर बाहेर येते, सिटी आठ, स्कोडा स्लाव्हिया चार. अर्टिगा मात्र आत बसते.

स्टॅक किंवा पझल पार्किंग (मशीनने गाड्या एकावर एक ठेवणारं) असेल तर उंची आणि वजनाची मर्यादा मशीनवरच्या पाटीवर लिहिलेली असते. खालच्या-मधल्या मजल्यांवर बऱ्याच ठिकाणी फक्त सेडान जाते. सिटी, व्हर्ना, स्लाव्हिया, व्हर्टस या सेडानची उंची दीड मीटरच्या आसपास आहे. अर्टिगा १६९०, कॅरेन्स १७०८ आणि सफारी १७९५ मिमी. पाटीचा फोटो काढून घ्या आणि बुकिंगची रक्कम त्यानंतरच द्या.

तिसऱ्या रांगेत स्वतः बसा

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे, आणि नेमका तोच लोक दोन मिनिटांत उरकतात. शोरूममधली गाडी उभी असते, एसी थंड असतो, आणि दुसरी रांग विक्रेत्याने पूर्ण पुढे ढकलून ठेवलेली असते. त्या स्थितीत तिसरी रांग कुणालाही ऐसपैस वाटेल.

बसायचं ते क्रमाने. ड्रायव्हरची सीट घरात जो गाडी चालवतो त्याच्या उंचीला लावा. दुसरी रांग तिथे बसणाऱ्या मोठ्या माणसाचे गुडघे मोकळे राहतील इतकी मागे घ्या. आता तिसऱ्या रांगेत जा आणि बसून राहा, निदान वीस मिनिटं. चार गोष्टी पाहा. मांडीला सीटचा आधार मिळतो की गुडघे वर येऊन सगळा भार ढुंगणावर पडतो? डोकं छताला किंवा मागच्या काचेला टेकतं का? पाय पुढच्या सीटखाली शिरतात का? आणि एसीची हवा चेहऱ्यावर येते की फक्त दुसऱ्या रांगेतल्यांना लागते? ब्रोशरमध्ये ‘रिअर एसी’ लिहिलेलं असलं तरी झरोके नेमके कुठल्या रांगेला आहेत ते हात धरून तपासा.

इथे क्रॉसओव्हर (एसयूव्हीसारख्या दिसणाऱ्या गाड्या) आणि एमपीव्ही (माणसं नेण्यासाठीच बांधलेल्या गाड्या) यांतला फरक कळतो. अल्काझार, सफारी अशा एसयूव्हीसारख्या घडणीच्या गाड्यांत मागची जमीन उंच आणि सीट तिला चिकटलेली, त्यामुळे मोठा माणूस उकिडवा बसल्यासारखा बसतो. अर्टिगा, कॅरेन्स, इनोव्हा यांत बैठक त्या मानाने नैसर्गिक आहे. तिसरी रांग खरोखर मोठ्या माणसांसाठी वापरायची असेल तर क्रॉसओव्हर सोडा आणि सरळ एमपीव्ही बघा. दिसायला जरा कमी रुबाबदार, पण माणूस उतरल्यावर कंबर धरत नाही. क्रॉसओव्हरमधल्या मागच्या दोन सीट दहा-बारा वर्षांच्या आतल्या मुलांच्या, असं धरूनच तिचा विचार करावा.

आणि त्या मुलांपैकी कुणाला गाडी लागत असेल तर तेही नाही. तिसरी रांग मागच्या चाकांच्या वर किंवा त्यांच्याही मागे असते, काच लहान आणि न उघडणारी असते, आणि समोरचा रस्ता दिसत नाही. आंबोली किंवा वरंध घाटाच्या वळणांवर पहिली पिशवी तिथेच लागते.

मग चढ-उतार. एका दाराकडची दुसऱ्या रांगेतली सीट दुमडून, पुढे कलवून आत शिरावं लागतं. मुलाची कार सीट आयसोफिक्सला (ती अडकवायला गाडीतच दिलेल्या कड्यांना) लावली असेल तर ती सीट बहुतेक गाड्यांत दुमडत नाही. आयसोफिक्स बहुधा दुसऱ्या रांगेच्या दोन कडांनाच असतं. म्हणजे लहान मूल असलेल्या घरात तिसऱ्या रांगेची निदान एक वाट बंद. दोन कार सीट असतील तर दोन्ही. यावर उपाय सहा सीटची, मध्ये दोन सुट्या कॅप्टन सीट असलेली गाडी. त्या दोन सीटांमधून मागे जाता येतं. एक माणूस कमी बसतो, पण बसलेले सहाही जण सुखात असतात. कार सीट सोबत घेऊन जा आणि शोरूममध्येच लावून बघा.

आजींचे गुडघे

सेडानमध्ये माणूस खाली बसतो आणि उतरताना मांड्यांच्या जोरावर उठतो. मोठ्या एसयूव्हीत आधी पाय वर टाकून चढावं लागतं, साडी नेसलेली असेल तर जास्तच अवघड. संधिवात असलेल्या माणसाला दोन्ही त्रासाचंच. त्यांना हवी अशी सीट, जिच्याकडे पाठ करून उभं राहिलं की कड मांडीच्या वरच्या भागाला लागते. नुसतं टेकायचं आणि पाय आत घेऊन फिरायचं. अर्टिगा किंवा कॅरेन्सची दुसरी रांग बहुतेकांना या उंचीची पडते. पण हे प्रत्येकाच्या उंचीवर आहे, म्हणून आजी-आजोबांनाच शोरूममध्ये न्या आणि पाच वेळा चढा-उतरायला लावा. पाचव्या वेळी ते काय म्हणतात ते ऐका, पहिल्या वेळी सगळेच ‘छान आहे’ म्हणतात.

घरात सहा माणसं नसूनही उंच गाडी घ्यायचं हे एक खरंखुरं कारण आहे. त्यासाठी सात सीट लागतातच असं नाही. पाच सीटची उंच हॅचबॅक किंवा छोटी एसयूव्हीही हेच काम करते, आणि कमी पैशात.

सामान: लिटर सोडा, बॅगा न्या

डिकीचे लिटर कागदावर ठीक असतात. मोठी ट्रॉली बॅग साधारण ९०-१०० लिटरची, विमानात जवळ ठेवायची छोटी ३५-४० लिटरची. या मापाने २०९ लिटरच्या डिकीत दोन मोठ्या बॅगा बसायला हव्यात, पण ती डिकी उभी आणि अरुंद असते. आडवी बॅग ठेवली की दार लागत नाही. तुमच्या नेहमीच्या बॅगा शोरूममध्ये नेऊन टाकून बघा. लाज वाटायचं कारण नाही, दहा-पंधरा लाख तुमचे जाणार आहेत. कॅरेन्सची डिकी सर्व सीट उभ्या असताना २१६ लिटर, अल्काझारची १८०, आणि चार मीटरच्या आत सात सीट बसवणाऱ्या रेनॉ ट्रायबरची ८४. ट्रायबरमध्ये सात माणसं बसली की मागे पाण्याच्या बाटल्या आणि एखादी सॅक, बस्स.

तिसरी रांग पाडली की चित्र पालटतं. अर्टिगात ५५० लिटर मिळतात आणि सामान छतापर्यंत रचता येतं. सायकल, वॉशिंग मशीन, उभी गणपतीची मूर्ती, सगळं जातं. सेडानची डिकी खोल असली तरी तिचं तोंड लहान असतं. पाचशे लिटरच्या डिकीतही उंच खोकं जात नाही, आणि झाकणाचे वाकडे दांडे खाली येऊन कडेच्या बॅगेवर बसतात.

सेडानची एक गोष्ट मात्र कोकणात जाणाऱ्यांना कळेल. तिची डिकी माणसांपासून वेगळी असते. परतीच्या वाटेवर सुकट, बोंबील आणि फणस भरले तरी वास आत शिरत नाही. सेव्हन सीटरमध्ये सामान आणि माणसं एकाच खोलीत. शिवाय जोरात ब्रेक लागला की तिसऱ्या रांगेच्या डोक्यावरून सामान पुढे येतं. म्हणून तिथे सीटच्या पाठीपेक्षा वर काही रचू नका, जड बॅगा तळाला आणि सीटच्या पाठीला टेकवून ठेवा.

छतावर कॅरियर टाकायचा असेल तर आधी मॅन्युअलमधली छताची मर्यादा वाचा. ती अनेक गाड्यांना ५० ते ७५ किलोच असते आणि त्यात कॅरियरचं वजनही धरायचं असतं. वर फक्त अंथरूण-पांघरूण, कपडे. तांदळाचं पोतं वर टाकलं की वळणावर गाडी कलते.

सीएनजी घेणार असाल तर डिकीचे सगळे आकडे विसरा आणि सीएनजीचीच गाडी उघडून बघा. डिझायरमध्ये टाकी डिकीचा मोठा भाग खाते. टाटा टिगोरमध्ये दोन छोट्या टाक्या तळाशी आडव्या असल्याने जागा बरी उरते. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी करावी लागते, तोही खर्च धरा.

भरलेली टेस्ट ड्राइव्ह

दोघांनी जाऊन सपाट रस्त्यावर मारलेल्या फेरीतून काही कळत नाही. घरातली सगळी माणसं बसवा, एसी लावा आणि चढावर न्या. पुण्यात दिवे घाट, ठाण्याकडे घोडबंदरचा गायमुख चढ, नाशिककडे कसारा चालेल. लांब फेरी आधी सांगून ठरवली तर सहसा मिळते.

पाच मोठी माणसं, दोन मुलं आणि ८० किलो सामान धरलं तर साडेचारशे किलोंच्या वर भार होतो. अर्टिगाचं दीड लिटर इंजिन साधारण १०३ पीएस ताकदीचं आहे. एवढ्या भाराने उभ्या वळणावर ती दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुरते आणि पहिला टाकावा लागतो. गाडी चढते, पण ओव्हरटेकची घाई करता येत नाही. ट्रायबरचं एक लिटर इंजिन ७२ पीएसचं, तिथे तर संयमच हवा. सात जणांना घेऊन वारंवार घाट चढायचा असेल तर टर्बो पेट्रोल किंवा डिझेलकडे वळणं शहाणपणाचं. उतरताना, चढताना जो गिअर लागला असता तोच ठेवा. भरलेल्या गाडीत नुसत्या ब्रेकवर उतरलं की ब्रेक तापून जळका वास येतो आणि पेडल दबूनही गाडी थांबायला वेळ घेते.

सेडानची परीक्षा वेगळी. पाच जण बसवून, डिकी भरून, सोसायटीच्या रॅम्पवर आणि गावातल्या सर्वांत वाईट गतिरोधकावर न्या. डिझायरचा ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीचं पोट यांतलं अंतर) १६३ मिमी आहे, स्लाव्हिया-व्हर्टसचा १७९. हे आकडे रिकाम्या गाडीचे असू शकतात; भार पडला की मागचे स्प्रिंग दबतात आणि पोट घासतं. रोजच्या वाटेवर एकदा जरी घासली तरी ती गाडी तुमची नाही. तिरकी काढून निभावता येतं, पण रोज किती दिवस?

सुरक्षितता, थोडक्यात पण नेमकी

क्रॅश टेस्टचे तारे गाडीच्या आकारावरून ओळखता येत नाहीत. ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटून तपासणाऱ्या संस्थेच्या चाचण्यांत २०२३ मध्ये स्लाव्हिया, व्हर्टस आणि व्हर्ना या सेडानना पाच तारे मिळाले, त्याच वर्षी सफारीलाही पाच, २०२४ मध्ये नव्या डिझायरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाच. त्याच वर्षी अर्टिगाला मोठ्यांसाठी एकच तारा मिळाला. सहा एअरबॅग तिच्या सगळ्या प्रकारांत त्यानंतर, २०२५ मध्ये आल्या. म्हणून निकाल पाहताना कोणत्या वर्षीची आणि किती एअरबॅगची गाडी आपटली होती तेही वाचा.

तिसऱ्या रांगेत तीन बिंदूंचा पट्टा आणि वर ओढता येणारा हेडरेस्ट आहे ना, पडद्यासारखी एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत जाते का, हे विचारा. मागे बसलेल्यांनाही पट्टा सक्तीचा आहे. नसल्यास १,००० रुपये दंड. दुसऱ्या रांगेत चौथा माणूस कोंबला की एकाला पट्टाच नसतो. आठवा माणूस बसणार असेल तर दुसरी गाडी काढा.

खरी किंमत

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना १८ टक्के जीएसटी लागतो, डिझेलला ही मर्यादा १५०० सीसी. त्यापुढच्या सगळ्यांना ४० टक्के. त्यामुळे डिझायर, अमेझ, ऑरा आणि ट्रायबर एका बाजूला. सिटी, व्हर्ना आणि अर्टिगा दुसऱ्या बाजूला. म्हणजे खरी दरी चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्या आणि बाकी सगळ्यांत आहे.

महाराष्ट्रात वैयक्तिक पेट्रोल गाडीला रोड टॅक्स १० लाखांपर्यंत ११, २० लाखांपर्यंत १२ आणि त्यावर १३ टक्के. डिझेलला प्रत्येक पायरीवर दोन टक्के जास्त. थर्ड पार्टी विमा इंजिनवर ठरतो. २०२२ च्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीला वर्षाला ३,४१६ रुपये, त्यापुढे ७,८९७. सिटी आणि अर्टिगा एकाच गटात येतात, १९५६ सीसीची डिझेल सफारी वरच्या गटात. टायरचा भाव वेगळा विचारा. मोठ्या क्रॉसओव्हरचे १८-१९ इंची चार टायर बदलताना जो आकडा येतो त्याने अनेकांची झोप उडते.

घेतल्यानंतर

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर हवेच्या दाबाचं स्टिकर असतं. त्यात पूर्ण भाराचा दाब वेगळा दिलेला असेल तर सात जण बसायच्या आदल्या दिवशी, टायर थंड असताना तेवढा भरा, आणि परत आल्यावर उतरवा. कमी हवेवर भरलेली गाडी महामार्गावर पळवली की टायरची बाजू तापते आणि फुटतो तो बहुधा मागचा. मागे भार पडला की हेडलाइट वर उचलले जातात. डॅशबोर्डवरच्या ० ते ३ च्या चाकाने ते खाली घ्या.

स्टेपनी कुठे आहे ते पहिल्याच दिवशी बघा. सेडानमध्ये ती डिकीच्या तळाशी, म्हणजे पंक्चर झालं की सगळं सामान रस्त्यावर. अर्टिगा आणि इनोव्हात ती गाडीच्या पोटाखाली टांगलेली, डिकीतून पाना फिरवून खाली येते. कोकणातल्या दोन पावसाळ्यांनंतर तो स्क्रू चिखल-गंजाने घट्ट बसतो आणि नेमका गरजेला हलत नाही. वर्षातून एकदा, सर्व्हिसिंगच्या वेळी, स्टेपनी पूर्ण खाली उतरवून घ्या, स्क्रूला ग्रीस लावा आणि हवाही तपासा. सर्व्हिसवाले हे आपणहून करतीलच असं नाही. जॉबकार्डवर लिहून घ्या.